कमाल ६० वॉट लिहिलेल्या फिक्स्चरमध्ये किती वॉटचा एलईडी लावावा?

प्रश्न असा आहे: परभणीकडच्या एका गावातलं स्लॅबचं घर. बैठकीच्या छताला दुधी काचेचा बंद गोळा, आतल्या स्टिकरवर 'कमाल ६० वॉट'. ९ वॉटचा एलईडी लावला तर उजेड पुरत नाही. १५ वॉटचा लावला तर उजेड बरा पडतो, पण एक उन्हाळा झाला की बल्ब लुकलुकायला लागतो आणि जातो. मर्यादा ६० ची आहे, मग २० किंवा ३० वॉटचा लावायला हरकत काय?

वायर आणि होल्डर यांना ३० वॉटचं काहीच वाटणार नाही. आग लागायची भीतीही नाही. पण तो बल्ब त्या बंद गोळ्यात शिजून मरेल, आणि १५ वॉटच्यापेक्षा लवकर मरेल.

स्टिकरवरचा आकडा कशासाठी असतो ते आधी पाहू. तो करंटसाठी नसतो. ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर घेतो आणि घरातली साधी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायरसुद्धा त्याच्या कित्येक पट करंट वाहते. मर्यादा आहे ती उष्णतेची. जुना तारेचा पिवळा बल्ब घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. होल्डर वर आणि बल्ब खाली अशा स्थितीत ती उष्णता सरळ होल्डरवर चढते. पीव्हीसी वायरचं आवरण साधारण ७० अंशांपर्यंत टिकायचं असतं. ६० च्या जागी १०० चा बल्ब वर्षानुवर्षं लावला की आवरण कडक होतं, तडकतं, हात लावला की पापडासारखं तुटतं आणि आतलं तांबं उघडं पडतं. जुन्या घरांतल्या छताच्या पॉइंटवर हे हमखास सापडतं. तुमच्या फिक्स्चरमध्ये आधी तारेचा बल्ब चालत असेल, तर ते उतरवून होल्डरमागची दोन-तीन इंच वायर एकदा नीट बघाच.

एलईडीला या स्टिकरची अडचण येत नाही, त्याची अडचण वेगळी आहे. तारेचा बल्ब तापूनच चालतो, तापणं हेच त्याचं काम. एलईडीच्या बुडाशी, पांढऱ्या प्लास्टिकच्या मानेत, ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट बसलेलं असतं आणि त्यात एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा छोटा डबा) असतो. बहुतेक एलईडी दिवे मरतात ते या कपॅसिटरमुळे किंवा एखादा एलईडी चिप जळाल्यामुळे. दोन्हींचं कारण एकच, उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. बऱ्याच बल्बच्या खोक्यावर भोवतालचं तापमान कमाल ४० किंवा ४५ अंश असं छापलेलं असतं. आपल्याकडे परभणी, नांदेड, बीडला मे महिन्यात दिवसा पारा ४२-४४ वर असतो, स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो आणि खोलीतली सगळ्यात गरम हवा छतालगतच साचते. तिथंच तुमचा गोळा आहे, आणि त्यात हवा खेळायला वाट नाही. १५ वॉटचा बल्ब तिथं एकच उन्हाळा काढतो यात नवल नाही.

म्हणून बंद काचेच्या गोळ्यात ९ वॉटच्या वर जाऊ नका. सलग पाच-सहा तास चालणार असेल तर ७ वॉट आणखी बरा. खाली तोंड उघडी असलेली शेड किंवा उघडा बॅटन होल्डर (थेट छताला-भिंतीला बसवलेला) असेल तर १२-१५ वॉट चालतो. २० वॉट आणि त्यापुढचे जाडजूड बल्ब उघड्या जागी, चहूबाजूंनी हवा लागेल असेच लावावेत. घरात तर त्यांची गरज क्वचितच पडते.

मग उजेड कुठून आणायचा? त्यासाठी वॉट सोडून ल्युमेन बघायला लागतं. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो, ल्युमेन म्हणजे किती उजेड देतो. जुन्या बल्बांचे आकडे साधारण असे धरा:

२५ वॉटचा तारेचा बल्ब: सुमारे २२० ल्युमेन, आताचा ३ वॉटचा एलईडी.
४० वॉट: सुमारे ४०० ल्युमेन, म्हणजे ४ ते ५ वॉट.
६० वॉट: सुमारे ७०० ल्युमेन, म्हणजे ७ ते ८ वॉट.
१०० वॉट: १३०० ते १४०० ल्युमेन, म्हणजे १२ ते १५ वॉट.

चांगल्या कंपनीचा एलईडी वॉटमागे ९० ते १०० ल्युमेन देतो, म्हणजे ९ वॉटला ८००-९००. खोक्यावर ल्युमेनचा आकडाच नसेल तर तो बल्ब घेऊ नका. आठवडी बाजारात ढिगाने विकतात त्यांतल्या बऱ्याच बल्बांवर ९ वॉट छापलेलं असतं आणि आत माल ५-६ वॉटचा असतो. उजेड कमी वाटला की माणूस पुढच्या वेळी १५ छापलेला आणतो, तोही तसलाच निघतो. आणि 'अमुक वॉटच्या बल्बइतका उजेड' या मोठ्या अक्षरांतल्या दाव्यापेक्षा बारीक अक्षरांतला ल्युमेनचा आकडा खरा मानावा.

९ वॉट हा आकडा आपल्या डोक्यात घट्ट बसलाय त्याला एक कारण आहे. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, तेव्हा आधी ७ आणि पुढे ९ वॉटचे स्वस्त बल्ब गावोगाव पोचले. तेव्हापासून 'एक खोली, एक नऊचा बल्ब' असा हिशेबच झाला. खोली ८ बाय १० ची असेल तर ते कसंबसं भागतं. बैठकीला भागत नाही.

खोलीचं गणित सोपं आहे. लांबी गुणिले रुंदी फुटांत काढा आणि चौरस फुटामागे ल्युमेन धरा: निजायच्या खोलीला १० ते १५, बैठकीला १५ ते २०, स्वयंपाकघराला २५ ते ३०. तुम्ही माप दिलेलं नाही, म्हणून १२ बाय १४ धरतो. १६८ चौरस फूट, म्हणजे अडीच हजार ते तेहतीसशे ल्युमेन. तुमचा ९ वॉटचा बल्ब साडेआठशे देतो आणि त्यातला पाचवा हिस्सा दुधी काच खाते. काचेत धूळ आणि मेलेले किडे साचले असतील तर आणखी जातो. गरजेच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतका उजेड खाली येतो. बल्बचा यात दोष नाही, आणि ३० वॉटचा लावूनही तो एकाच बिंदूतून येणार, त्यामुळे खाली सावल्या गडद आणि कोपरे अंधारेच राहणार.

माझा सल्ला: गोळ्यात ७ किंवा ९ वॉटचा ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर बल्ब राहू द्या. पाहुणे आले, सणवार असला, रात्री टीव्ही बघायचा असला की तो लावा. कामाच्या उजेडासाठी लांब भिंतीवर, जमिनीपासून सात-साडेसात फुटांवर ४ फुटी २० वॉटची एलईडी पट्टी (ट्यूबलाइटसारखी) बसवा. ती सुमारे २००० ल्युमेन देते, उजेड चार फूट लांबीतून येतो म्हणून सावल्या मऊ पडतात, आणि पट्टीला मागून भिंत आणि पुढून मोकळी हवा असल्यामुळे ती थंड राहते. दोन्ही मिळून २७०० च्या आसपास उजेड होतो. खोली आणखी मोठी असेल तर समोरच्या भिंतीवर दुसरी पट्टी. एका होल्डरवर सगळा भार टाकण्यापेक्षा दोन पॉइंट काढणं कधीही बरं, कारण एक बंद पडला तरी घरात अंधार होत नाही.

हे गणित पांढऱ्या भिंतींचं झालं. चुना किंवा पांढरा डिस्टेंपर आलेल्या उजेडापैकी सत्तर-ऐंशी टक्के परत फेकतो. आपल्या घरांत मात्र कमरेपर्यंत निळा किंवा हिरवा ऑइल पेंट आणि खाली काळपट शहाबादी फरशी असते, आणि ही दोन्ही बराच उजेड पिऊन टाकतात. अशा खोलीत गणितात आलेल्या आकड्यावर तिसरा हिस्सा वाढवा. माळवदाच्या घरात तर निम्मा वाढवावा लागतो: वर लाकडी तुळया आणि फळ्या, त्यावर वर्षानुवर्षांचा धूर, भिंती दोन-दोन फूट जाड, खिडकी एवढीशी. अशा काळ्या छताला दिवा चिकटवणं म्हणजे निम्मा उजेड धुराला देणं. तिथं दिवा भिंतीवर सात फुटांवर घ्यावा, आणि खोली तीन-चार खणांची असेल तर दोन टोकांना दोन. रंगकामाचा विचार असेल तर आधी तो करा. पांढऱ्या रंगाच्या एका हातानं एका पट्टीचा खर्च वाचतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तारेचा बल्ब चहूकडे उजेड टाकायचा. एलईडी बल्बची खालची निम्मी बाजू अपारदर्शक असते, त्यामुळे त्याचा उजेड तोंडाच्या दिशेनंच जास्त पडतो. भिंतीवरच्या अँगल होल्डरमध्ये बल्ब तिरका वर तोंड करून असेल तर उजेड छताकडे जातो आणि 'नऊचा बल्ब काही कामाचा नाही' असं घरात ठरतं. होल्डर खाली वळवून बघा. तोच बल्ब, तोच वॉट, आणि खोलीत लगेच फरक दिसेल. उलट टेबल लॅम्पच्या कापडी शेडमध्ये एलईडीचं तोंड वर असेल तर छतावर गोल चट्टा पडतो आणि पुस्तकावर अंधार.

बाकीच्या खोल्यांचं थोडक्यात. स्वयंपाकघरात वॉटपेक्षा जागा महत्त्वाची. दिवा पाठीमागच्या भिंतीवर असला की ओट्यावर सैपाक करणाऱ्या बाईचीच सावली पडते, मग तिथं चाळीस वॉट लावा की साठ. ओट्याच्या वर, फळीच्या खालच्या कडेला पुढच्या बाजूनं २ फुटी १० वॉटची पट्टी बसवा, रंग ४००० केल्विन, आणि खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर आहे ना ते बघा. हलक्या सीआरआयच्या निळसर उजेडात भाकरी भाजली की करपली ते नीट कळत नाही, हळद-तिखटाचे रंगही फिके दिसतात. पट्टी शेगडीच्या थेट वर नको, बाजूला हवी. चूल पेटत असेल तर काजळीचा थर महिन्याला पुसायचा.

न्हाणीघर आणि संडासाला ५ ते ७ वॉट पुरे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ५ वॉट, खालून-वरून दोन्हीकडून चालेल असं टू-वे स्विच. अभ्यासाला खोलीचा दिवा वाढवत बसण्यापेक्षा टेबलावर ७ वॉटचा दिवा द्या, उजव्या हातानं लिहिणाऱ्या पोराला तो डाव्या बाजूला हवा. देवघराला अर्धा ते ३ वॉट. रात्रीच्या मिणमिणत्या दिव्यासाठी अर्ध्या वॉटचा एलईडी घ्या. जुना 'झिरो'चा बल्ब नावालाच झिरो होता, तो १५ वॉटच्या आसपास खायचा. आकाशकंदिलात ३ किंवा ५ वॉटचा एलईडीच लावा, तारेचा बल्ब लावून कागद पेटवून घेऊ नका.

ओसरी, ढाळज आणि अंगणात पावसाळ्याच्या सुरुवातीला किड्या-पाखरांचा थवा येतो. पांढऱ्या-निळसर ६५०० केल्विनच्या दिव्याकडे किडे जास्त ओढले जातात, पिवळसर ३००० केल्विनकडे कमी. ओसरीला ७ वॉटचा पिवळा, आणि अंगणाला १० ते २० वॉटचा आयपी ६५ (धूळ-पाणी आत जात नाही अशी खूण) लिहिलेला फ्लड लाइट. साधा बल्ब पत्र्याच्या वळचणीखाली टांगला की पहिल्या वळवातच पाणी मानेत शिरतं. गोठ्यात वॉटचा प्रश्न नाही, ९ वॉट पुरतो. तिथं शेण-मुताच्या वाफेतला अमोनिया होल्डरच्या पितळी पिना खातो. काच आणि रबर असलेला बंद बल्कहेड दिवा लावा, उघडा बॅटन होल्डर नको.

एका ठिकाणी मात्र एलईडी चालतच नाही, आणि दरवर्षी कुणीतरी ही चूक करून पिलं गमावतं. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला बल्ब लावतात तो तारेचाच हवा, कारण तिथं उष्णताच पाहिजे असते. पिलामागे साधारण २ वॉट धरतात, म्हणजे ५० पिलांना १०० वॉट. तिथं ९ वॉटचा एलईडी लख्ख उजेड देईल आणि पिलं थंडीनं एकमेकांवर चढून मरतील.

आता व्होल्टेज. याचा वॉट निवडण्याशी थेट संबंध आहे. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावरच्या घरांत शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी आली आणि शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० किंवा त्याखाली जातं. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं पडतो. २३० चे १८० झाले की उजेड चाळीस टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणून आपल्याकडे जुनी माणसं ६० च्या जागी १०० चाच बल्ब आणत, आणि ती सवय एलईडीलाही लागू केली जाते. एलईडीत त्याची गरज नाही, मात्र ड्रायव्हर चांगला हवा. खोक्यावर 'इनपुट १०० ते ३०० व्होल्ट' किंवा तशीच रुंद मर्यादा लिहिलेली असेल तर १५० व्होल्टवरही बल्ब जवळपास तेवढाच उजेड देईल. '२२०-२४० व्होल्ट' एवढंच लिहिलेलं असेल तर तो बहुधा स्वस्तातल्या, चिपच्याच पट्टीवर सर्किट बसवलेल्या प्रकारचा असतो. तो कमी व्होल्टेजला मंद होतो किंवा फडफडतो. शेवटच्या खांबावरच्या घरानं १५ वॉटचा स्वस्त बल्ब घेण्यापेक्षा रुंद मर्यादेचा ९ वॉटचा घ्यावा.

उलटा धोका रात्रीचा. मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढतं, आणि डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल (परतीची तार) सुटला तर घरात तीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात. एका रात्रीत दोन-तीन बल्ब, एखादा चार्जर आणि टीव्हीचा बॉक्स एकदम गेला असेल तर बल्ब बदलत बसू नका, बल्बच्या कंपनीला शिव्याही देऊ नका. दिवे एकीकडे डोळे दिपतील असे आणि दुसरीकडे मंद दिसले, तर मेन स्विच लगेच पाडा आणि महावितरणच्या लाइनमनला बोलवा. डीपीला किंवा खांबावरच्या तारेला स्वतः हात लावायचा नाही, शेजारच्या 'जाणकारा'लाही लावू द्यायचा नाही. विजांच्या दिवसांत खोक्यावरचा सर्ज (अचानक येणारा जादा व्होल्टेजचा झटका) संरक्षणाचा आकडाही बघावा: साधारण २.५ किलोव्होल्ट असतो, ४ मिळाला तर उत्तम.

होल्डरकडे कुणी बघत नाही. आपल्याकडचे बहुतेक होल्डर बी२२, म्हणजे दोन खाचांचे. आट्यांचा मोठा तो ई२७ आणि झुंबरातला बारीक तो ई१४. बी२२ च्या आत दोन स्प्रिंगच्या पिना असतात. वर्षानुवर्षं तापलेल्या होल्डरमध्ये त्यांचा ताण जातो, बल्बच्या शिश्याच्या ठिपक्यांशी त्या नीट टेकत नाहीत, बारीक ठिणग्या पडतात आणि ठिपके काळे होतात. बल्ब हलवला की लागतो, सोडला की जातो, ही त्याची खूण. अशा होल्डरमध्ये कितीही वॉटचा, कितीही महागडा बल्ब घाला, तो लवकरच जाणार. ३०-४० वॉटचे ढोलासारखे बल्ब वजनदार असतात, ते लटकत्या जुन्या होल्डरच्या पकडीवर ओढ देतात. हेही त्यांच्या विरुद्धचं एक कारण.

होल्डर बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडा. मग टेस्टरनं दोन्ही टोकं तपासा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो स्वतः चालतोय ना ते बघा. वायरचं टोक काळं पडलं असेल तर चकाकतं तांबं लागेपर्यंत कापा, आठ-दहा मिलिमीटर सोला, पीळ देऊन स्क्रूखाली पूर्ण बसवा, तांब्याचे धागे बाहेर लोंबायला नकोत. वायर छतातून आखूड आली असेल तर ताणून बसवू नका, नवा तुकडा कनेक्टरनं जोडा. हात बसलेला नसेल तर हे काम वायरमनचं आहे.

बटण बंद करूनही एलईडी मंद लुकलुकतो अशी तक्रार नेहमी येते. कारणं बहुतेकदा दोन. एक, बटण फेजवर (वीज येते त्या तारेवर) नसून न्यूट्रलवर बसवलेलं आहे. जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास सापडतं आणि धोक्याचं आहे, कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. बटण बंद करून, बल्ब काढून, टेस्टर होल्डरच्या दोन्ही पिनांना लावा. पेटला तर वायरमनकडून फेज बटणावर आणून घ्या. दुसरं, बटणात लाल इंडिकेटर आहे आणि त्याचा किरकोळ करंट बल्बमधून जातो. ते निरुपद्रवी आहे, पण खुपत असेल तर साधं बटण बसवा. पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या जुन्या डिमरवर साधा एलईडी लावू नका, खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं नसेल तर तो फडफडून मरतो.

घरात जुनी ४० वॉटची ट्यूबपट्टी असेल तर तिचा चोकसुद्धा १० च्या आसपास वॉट खातो, म्हणजे मीटरवर ५० पडतात. ट्यूबचा अर्धा उजेड मागच्या भिंतीकडे जायचा, एलईडी पट्टीचा सगळा पुढं येतो. म्हणून २० वॉटची पट्टी कागदावर कमी ल्युमेनची असली तरी खोलीत उजेड तेवढाच वाटतो. त्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची असेल तर चोक आणि स्टार्टर सर्किटमधून काढून सरळ सप्लाय द्यावा. सप्लाय एका टोकाला द्यायचा की दोन्ही टोकांना, ते ट्यूबवरच्या चित्रात असतं. चित्र न बघता जोडली तर शॉर्ट होते.

बिलाचा हिशेब केला की बरीच चिंता उगाच होती असं कळतं. ९ च्या जागी १५ वॉट लावला तर दिवसाला ६ तास धरून महिन्याला एक युनिट वाढतो. एका युनिटसाठी पोरांना अंधारात अभ्यासाला बसवू नये. तारेचा १०० वॉटचा मात्र तेवढ्याच वेळात १८ युनिट खातो, तो अजून कुठं लागलेला असेल तर आधी तो काढा.

इन्व्हर्टरवरही दिव्यांचा भार कमीच असतो. १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवरची, तोटा धरून चांगल्या स्थितीत बाराशेच्या आसपास वापरायला मिळतात. तीन पट्ट्या आणि चार ९ वॉटचे बल्ब मिळून ९६ वॉट, ते एकटे बारा तास चालतील. त्यांत ७५ वॉटचे दोन पंखे घातले की वेळ पाच तासांवर येते. लाइट गेल्यावर बॅटरी पुरत नसेल तर बल्बचे वॉट कमी करण्याआधी पंखे बदलायचा विचार करा. स्क्वेअर वेव्हच्या (साध्या, स्वस्त प्रकारच्या) इन्व्हर्टरवर काही स्वस्त एलईडी गुणगुणतात.

पीओपी छतात गोल दिवे बसवणार असाल तर दुकानात वॉट सांगण्याआधी छिद्राचं माप टेपनं घ्या. कंपनीगणिक ते बदलतं आणि १२ वॉटचा दिवा ८ वॉटच्या छिद्रात बसत नाही. स्लॅब आणि पीओपीमधल्या पोकळीत उन्हाळ्यात भट्टी होते, तेव्हा चार १५ वॉटच्या दिव्यांपेक्षा आठ ७ वॉटचे जास्त टिकतात आणि उजेडही सारखा पसरतो.

खरेदी करताना ल्युमेन आणि व्होल्टेजची मर्यादा पाहिलीत की खोक्यावर आयएस १६१०२ (एलईडी बल्बचं भारतीय मानक) आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना तेही बघा. दुकानातच लावून घ्या आणि मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून पडद्यावर काळे पट्टे सरकतात का ते पाहा. ठळक पट्टे दिसले तर बल्ब फडफडतोय, दुसरा मागा. वॉरंटी बहुतेक एक ते दोन वर्षांची असते आणि बिलाशिवाय दुकानदार दाद देत नाही, म्हणून बल्ब लावण्याआधी त्याच्या पांढऱ्या मानेवर मार्करनं तारीख लिहा आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण दुकानातल्या कागदावरची शाई सहा महिन्यांत उडून जाते.